विश्लेषण : गाडी गेली, तरी कर्ज कसे उरते? वाहनजप्तीनंतरच्या थकबाकीबद्दल कायदा काय सांगतो?

हप्ते थकतात, फायनान्स कंपनीची माणसे येतात आणि गाडी घेऊन जातात. कमाईचे साधन गेले, पण निदान कर्जाची कटकट तरी मिटली, असे मानून कुटुंब दुसऱ्या कामाला लागते. वर्ष-दीड वर्षाने पोस्टमन एक जाड पाकीट आणून देतो. आत लवादाची नोटीस असते. गाडी विकून आलेले पैसे वजा केल्यावरही दोन-तीन लाख रुपये बाकी आहेत, ते व्याजासह भरा, असे त्यात म्हटलेले असते. सुनावणी चेन्नईत किंवा कोलकात्यात, नाहीतर मोबाइलवरच्या एखाद्या लिंकवर. बहुतेक घरांत हे पाकीट कपाटावर जाते आणि तिथेच राहते. गाडी जप्त होण्यापेक्षाही पुढचे मोठे नुकसान अनेकदा या दुसऱ्या चुकीमुळे होते. जप्तीनंतर उरलेले कर्ज खरे किती, ते कोणी सिद्ध करायचे आणि त्यावर हरकत कुठे घ्यायची, याचा हा आढावा.

गाडी परत दिली म्हणजे कर्ज फिटले का?

नाही. हा सर्वात मोठा गैरसमज आहे. वाहनकर्जात गाडी ही कर्जाची परतफेड नसते, ती तारण असते. आरसी बुकावर वित्तसंस्थेच्या नावाची जी नोंद असते, जिला बोलीभाषेत ‘एचपी’ किंवा ‘बोजा’ म्हणतात, ती नजरगहाणाची नोंद होय. नजरगहाणात मालकी आणि ताबा कर्जदाराकडे असतो, पण कर्ज थकल्यास ती वस्तू विकून पैसे वसूल करण्याचा हक्क कर्ज देणाऱ्याकडे असतो. जुन्या पद्धतीच्या भाडेखरेदी करारात याउलट शेवटचा हप्ता भरेपर्यंत मालकी वित्तसंस्थेचीच मानली जाते. आपण नेमक्या कोणत्या करारावर सही केली आहे, हे सही करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना सांगता येते.

उरलेल्या रकमेचे मूळ १८७२ च्या भारतीय करार कायद्यात आहे. त्यातील कलम १७६ गहाण वस्तूंबद्दल आहे आणि ते दोन्ही बाजूंनी बोलते. कर्ज थकल्यास गहाण ठेवून घेणाऱ्याला ती वस्तू विकता येते, मात्र विक्रीची वाजवी पूर्वसूचना द्यावी लागते. विक्रीतून कर्जापेक्षा कमी पैसे आले, तर फरक कर्जदाराने द्यायचा. जास्त आले, तर वरचे पैसे कर्जदाराला परत करायचे. नजरगहाण आणि गहाण यांत कायदेशीर फरक आहे. पण वित्तसंस्थेने गाडी ताब्यात घेतली, की तिची स्थिती गहाण वस्तूसारखीच होते आणि मग हीच तत्त्वे पुढे येतात. यातले पहिले कलम, म्हणजे ‘कमी पडले तर द्या’, वसुलीवाल्यांना तोंडपाठ असते. पूर्वसूचना आणि वरचे पैसे परत करणे, या दोन गोष्टींचा उल्लेख त्यांच्या फोनवर सहसा होत नाही.

म्हणजे कर्जदाराची जबाबदारी संपत नाही हे खरे. पण ती वित्तसंस्था सांगेल तेवढी नसते. योग्य सूचना देऊन, योग्य किमतीला गाडी विकल्यावर आणि खरा हिशेब केल्यावर जे उरेल, तेवढीच ती असते. सारे वाद या वाक्यातल्या तीन गोष्टींभोवती फिरतात : सूचना, किंमत आणि हिशेब.

बाकीचा आकडा कसा तयार होतो?

एक उदाहरण घेऊ. समजा, एका टेम्पोवरचे कर्ज आहे, हप्ता १६,५०० रुपये. चार हप्ते थकले आहेत, म्हणजे ६६,००० रुपये. अजून ३० हप्ते पुढे भरायचे आहेत आणि त्यांतले निव्वळ मुद्दल ४,२०,००० रुपये आहे. दंडाचे १२,००० आणि गाडी उचलण्याचा खर्च व यार्डाचे भाडे मिळून २२,००० रुपये लावले. एकूण येणे झाले ५,२०,००० रुपये. गाडी २,९०,००० रुपयांना विकली गेली. बाकी राहिली २,३०,००० रुपये.

हा झाला सरळ हिशेब. आता तोच हिशेब दुसऱ्या पद्धतीने मांडून पाहा. पुढचे ३० हप्ते जसेच्या तसे धरले, तर ते ४,९५,००० रुपये होतात. मुद्दलापेक्षा ७५,००० रुपये जास्त. हे पैसे म्हणजे पुढच्या अडीच वर्षांचे, अजून न लागलेले व्याज. गाडी विकून कर्ज आजच बंद करायचे असेल, तर उद्याचे व्याज आज कशासाठी, हा साधा प्रश्न आहे. पण मागणीपत्रावर फक्त ‘एकूण बाकी ३,०५,०००’ असे छापून आले, तर तो प्रश्न सुचण्यासाठी आधी फोड हातात असावी लागते.

किमतीचेही तसेच. हीच गाडी बाजारभावाने ३,५०,००० रुपयांना गेली असती, तर बाकी २,३०,००० ऐवजी १,७०,००० रुपये राहिली असती. म्हणजे एकच गाडी, एकच कर्जदार, पण उरलेले कर्ज १,७०,००० पासून ३,०५,००० रुपयांपर्यंत कुठेही असू शकते. ते हप्ते चुकवण्यावर जेवढे ठरते, तेवढेच हिशेब कोणी आणि कसा मांडला यावर ठरते.

दंडाबाबत एक बदल लक्षात ठेवण्याजोगा आहे. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार बँका आणि वित्तसंस्थांना हप्ता चुकल्यास दंडव्याज लावता येत नाही. ठरावीक दंड आकार लावता येतो, तो वाजवी असला पाहिजे आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. नव्या कर्जांना हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला आणि जुन्या कर्जांना त्याच वर्षी ३० जूनपर्यंत तो लावायचा होता. खाते उताऱ्यात त्यानंतरही ‘पीनल इंटरेस्ट’ अशा ओळी दिसत असतील, तर ती हरकतीची ठोस जागा आहे.

गाडी उचलताना काय पाळावे लागते?

वाहनकर्जात सहसा न्यायालयात न जाता करारातील ताबा घेण्याच्या कलमाच्या आधारे गाडी उचलली जाते. हे कलम कसे असावे, हे रिझर्व्ह बँकेने बँकांना एप्रिल २००८ मध्ये आणि बिगरबँक वित्तीय कंपन्यांना एप्रिल २००९ मध्ये सांगितले. ताबा घेण्याआधी किती दिवसांची सूचना द्यायची, कोणत्या परिस्थितीत ती टाळता येईल, ताबा कसा घ्यायचा, विक्रीपूर्वी कर्जदाराला पैसे भरण्याची शेवटची संधी कशी द्यायची, पैसे भरल्यास गाडी परत कशी करायची आणि विक्री किंवा लिलाव कसा करायचा, हे सगळे करारात लिहिलेले असले पाहिजे. इतकेच नव्हे, तर सही घेताना ते कर्जदाराच्या निदर्शनास आणून दिलेले असले पाहिजे. शोरूमच्या टेबलावर फुल्या मारलेल्या चाळीस जागी सह्या करताना हे किती जणांच्या निदर्शनास येते, हा वेगळा विषय.

जबरदस्तीबाबत न्यायालये स्पष्ट आहेत. ट्रकच्या कर्जावरून उद्भवलेल्या ‘आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर’ प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुंडांकरवी वसुली करण्याच्या प्रकाराबद्दल कानउघाडणी केली. ‘सिटीकॉर्प मारुती फायनान्स विरुद्ध एस. विजयालक्ष्मी’ प्रकरणात २०११ मध्ये याच न्यायालयाने भाडेखरेदीतही ताबा कायद्याच्या मार्गानेच घ्यावा लागेल, असे सांगितले. मे २०२३ मध्ये पाटणा उच्च न्यायालय त्याही पुढे गेले. वसुली एजंटांकरवी बळजबरीने गाड्या उचलणे हे जगण्याच्या आणि उपजीविकेच्या मूलभूत हक्काचे उल्लंघन आहे, असे म्हणत त्याने दोषी संस्थांना प्रत्येकी ५०,००० रुपयांचा दंड केला. झारखंडमधील हजारीबाग येथे २०२२ साली ट्रॅक्टरच्या वसुलीवेळी एका गरोदर महिलेचा ट्रॅक्टरखाली मृत्यू झाला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने संबंधित वित्त कंपनीला बाहेरच्या एजंटांमार्फत वसुली आणि जप्ती करण्यास काही महिने मनाई केली होती.

मात्र या निकालांवरून ‘नोटीस दिली नाही, म्हणजे कर्ज माफ’ असा अर्थ काढू नये. ‘मॅग्मा फिनकॉर्प विरुद्ध राजेशकुमार तिवारी’ प्रकरणात १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आशेचा फुगा फोडला. भाडेखरेदीचा करार, थकलेले हप्ते आणि नीट नोटीस न देता उचललेली गाडी, असा तो मामला होता. ग्राहक मंचांनी कर्जदाराला मोठी भरपाई दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. करारानुसार नोटीस द्यायला हवी होती, ती न देणे ही सेवेतील त्रुटी आहे, हे मान्य केले आणि त्यासाठी एकंदर १५,००० रुपये द्यायला सांगितले. ताबा घेण्यातली चूक आणि उरलेले कर्ज ही दोन वेगळी खाती आहेत. पहिल्यातून काही रक्कम मिळू शकते, पण दुसरे त्यामुळे आपोआप कोरे होत नाही.

किमतीचा वाद कसा लढायचा?

खरी लढाई इथे आहे आणि इथेच कर्जदार सर्वात कमी लढतात. गाडी उचलली गेली, की ती यार्डात जाते. तिथे ऊन-पाऊस खात उभी राहते, बॅटरी उतरते, टायर जातात आणि भाड्याचा मीटर चालू राहतो. मग मूल्यांकन होते आणि ऑनलाइन लिलावात ठरावीक खरेदीदार बोली लावतात. या साखळीतली प्रत्येक कडी वित्तसंस्थेच्या हातात असते. म्हणूनच ती नीट पार पाडल्याचा पुरावा देण्याचे ओझेही तिच्यावरच असायला हवे.

कर्जदाराने लेखी मागायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. ताबा घेतला त्या दिवसाची गाडीतील वस्तूंची आणि गाडीच्या स्थितीची यादी, मूल्यांकन अहवाल, विक्रीपूर्व नोटीस आणि ती पोचल्याची पावती, लिलावात आलेल्या बोली, विक्रीची तारीख व रक्कम आणि ती रक्कम खात्यात कधी जमा झाली याचा उतारा. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण नाही. गाडी मार्चमध्ये विकली आणि पैसे जूनमध्ये जमा दाखवले, तर मधल्या तीन महिन्यांचे व्याज पूर्ण रकमेवर चढलेले असते.

गाडीची किंमत काय होती, हे दाखवणारी कागदपत्रे कर्जदाराकडेही असतात. विम्याच्या पॉलिसीवर गाडीचे विमामूल्य छापलेले असते. तो बाजारभाव नव्हे, पण विम्यात ३,८०,००० आणि सहा महिन्यांनी लिलावात २,९०,००० रुपये, हा फरक स्पष्टीकरण मागण्याइतका मोठा आहे. त्याच सालच्या, त्याच मॉडेलच्या जुन्या गाड्यांच्या त्या काळातील जाहिरातींचे स्क्रीनशॉटही उपयोगी पडतात. सर्वात परिणामकारक उपाय मात्र विक्रीपूर्वीचा आहे : ओळखीतला खरेदीदार असेल, तर अमुक व्यक्ती अमुक रकमेला गाडी घ्यायला तयार आहे, असे ईमेलने किंवा रजिस्टर पोस्टाने कळवणे. त्यानंतरही संस्थेने कमी किमतीला गाडी विकली, तर तिला त्याचे कारण सांगणे अवघड जाते.

गाडी हाती आहे, ती विकलीही नाही आणि तरी पूर्ण कर्जाची मागणी सुरू आहे, असेही घडते. गहाण वस्तू परत करण्याच्या स्थितीत नसलेल्याला वस्तू आणि पूर्ण कर्ज दोन्ही मिळू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘लल्लन प्रसाद विरुद्ध रहमत अली’ या गहाणाच्या प्रकरणात सुमारे सहा दशकांपूर्वीच सांगितले आहे. वाहनाच्या वादातही हा युक्तिवाद मांडता येतो.

हप्ते झेपत नाहीत म्हणून स्वतःहून गाडी नेऊन देणाऱ्यांनी एक खबरदारी घ्यायला हवी. त्यांच्याकडून ‘स्वेच्छेने गाडी परत करत आहे’ असे पत्र घेतले जाते आणि त्यातच विक्रीच्या किमतीबद्दल तक्रार नाही, बाकी रक्कम मान्य आहे, अशी वाक्ये असतात. ही वाक्ये खोडून सही करता येते. कोरी जागा असलेल्या कागदावर तर सही करूच नये.

लवादाची नोटीस आली, आता काय?

वाहनकर्जाच्या बहुतेक करारांत वाद लवादाकडे नेण्याचे कलम असते. एकट्या वित्तसंस्थेने नेमलेला लवाद, तिच्या सोयीचे शहर, कर्जदार गैरहजर आणि एकतर्फी निवाडा, हा क्रम वर्षानुवर्षे चालत आला आहे. निवाडा झाला, की त्याची ताकद न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकी असते. ‘सुंदरम फायनान्स विरुद्ध अब्दुल समद’ हे वाहनकर्जाचेच प्रकरण. तमिळनाडूत दिलेला निवाडा मध्य प्रदेशातील मुरैना येथे राहणाऱ्या कर्जदारावर बजावायचा होता. कर्जदाराची मालमत्ता जिथे असेल, तिथल्या न्यायालयात थेट दरखास्त दाखल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ठरवले. चेन्नईतला कागद आपल्या तालुक्याच्या न्यायालयात येऊन पगारावर किंवा बँक खात्यावर टाच आणू शकतो, तो असा.

पण याच प्रक्रियेत एक मोठी फट आहे आणि गेल्या काही वर्षांत न्यायालयांनी ती रुंद केली आहे. २०१५ च्या दुरुस्तीने लवाद कायद्यात कलम १२(५) आले. वादात हितसंबंध असलेली व्यक्ती लवाद होऊ शकत नाही. ‘पर्किन्स ईस्टमन’ प्रकरणात नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, की ज्याचे निकालात हित आहे त्याला एकतर्फी लवाद नेमताही येणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकट्याने लवाद नेमण्याचा अधिकार एकाच पक्षाला देणारे कलम समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवले. दिल्ली उच्च न्यायालयाने तर मे २०२३ मध्ये एका बँकेच्या प्रकरणात, असा निवाडा मुळात निवाडाच नाही, त्याची अंमलबजावणी होऊ शकत नाही, असा निर्णय दिला.

याचा व्यवहारातला अर्थ काय? नोटीस आल्यावर गप्प न बसता लेखी हरकत पाठवायची : लवादाची नेमणूक एकतर्फी आहे, मला ती मान्य नाही. सोबत खाते उतारा आणि विक्रीची कागदपत्रे मागायची. ईमेलने पाठवले तरी चालते, पोच मात्र जपून ठेवायची. वाद सुरू झाल्यानंतर दोन्ही पक्षांनी स्पष्ट लेखी संमती दिली, तर ही अपात्रता माफ होऊ शकते, अशी तरतूद त्याच कलमात आहे. म्हणून ‘फक्त हजेरीसाठी’ म्हणून पुढे केलेल्या संमतीपत्रावर सही करण्याआधी ते वाचायला हवे.

निवाडा होऊन गेला असेल, तर कलम ३४ खाली त्याला आव्हान देण्यासाठी प्रत मिळाल्यापासून तीन महिने असतात. सबळ कारण असल्यास आणखी ३० दिवस मिळतात, त्यापुढे एक दिवसही नाही. सही केलेली प्रतच मिळाली नसेल, तर मुदत सुरू झालेली नाही असा मुद्दा घेता येतो. दरखास्त पोचल्यावर जागे झालेल्यांनाही एकतर्फी नेमणुकीचा मुद्दा मांडण्याची जागा आहे, पण तिथे वकिलाशिवाय निभावणे कठीण. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना आणि उत्पन्न कितीही असले तरी महिलांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

जामीनदाराचे काय?

करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी मूळ कर्जदाराला गाठा, मग माझ्याकडे या, असे त्याला म्हणता येत नाही. मित्राच्या रिक्षाला ‘नुसती सही’ दिलेल्या नोकरदाराच्या पगारातून वसुली होते, ती यामुळे. संस्थांनाही पगाराची पावती असलेला माणूस गाठणे सोपे जाते.

मात्र कलम १४१ जामीनदाराच्या बाजूने उभे राहते. कर्ज देणाऱ्याने जामीनदाराच्या संमतीविना तारण गमावले किंवा सोडून दिले, तर त्या तारणाच्या किमतीइतका जामीनदार मोकळा होतो. विक्रीची सूचना जामीनदाराला दिलीच नाही, गाडी यार्डात सडवून मातीमोल विकली, अशा प्रकरणांत हे कलम कर्जदाराला नसलेले हत्यार त्याच्या हाती देते. नोटीस आल्यावर कर्जदाराशी भांडण्यापेक्षा त्याच्याकडून कागद गोळा करणे जामीनदाराच्या जास्त उपयोगाचे.

किती वर्षे मागे लागता येते?

पैशाच्या अशा दाव्यांना मुदत कायद्यात साधारण तीन वर्षे आहेत आणि तीच लवादालाही लागू होतात. ती कोणत्या दिवसापासून मोजायची, हा स्वतंत्र वाद असतो. करोनाकाळातील १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मोजणीतून वगळला आहे, त्यामुळे त्या सुमाराची जुनी कर्जे कागदावर दिसतात तितकी जुनी नसतात.

यात एक सापळा आहे. मुदत संपण्याआधी कर्जदाराने बाकी मान्य असल्याच्या कागदावर सही केली किंवा थोडे पैसे भरले, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने सुरू होऊ शकते. मुदत संपल्यावरही ‘मी पैसे देईन’ असे सहीनिशी लिहून दिले, तर कलम २५ नुसार तो नवा करार ठरतो. ‘सध्या हजार रुपये तरी भरा, फाइल थांबवतो’ असे म्हणणारा फोन दरवेळी भूतदयेपोटी आलेला नसतो.

फोनच्या वेळेलाही बंधन आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही.

लोकअदालत आणि चेक

राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधी दाखलपूर्व नोटिसांचा पाऊस पडतो. न्यायालयाचा शिक्का पाहून घरात रडारड होते. अशी नोटीस म्हणजे समन्स नव्हे की वॉरंट नव्हे. तडजोडीचे ते निमंत्रण असते आणि रक्कम पटली नाही, तर नाही म्हणता येते. हिशेबाची फोड मागून घासाघीस करायला ती चांगली जागा आहे. पण तिथे केलेली सही पक्की. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनामा मानला जातो आणि त्यावर अपील नाही.

कर्ज घेताना दिलेले कोरे चेक ही आणखी एक धास्ती. चेक न वटल्यास संस्थेने ३० दिवसांत नोटीस द्यायची आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे न दिल्यास फौजदारी तक्रार होऊ शकते. इथे ऑक्टोबर २०२२ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उपयोगी पडतो. चेक दिल्यानंतर काही रक्कम फेडली गेली असेल आणि तरीही चेक मूळ पूर्ण रकमेसाठी वटवायला टाकला असेल, तर चेकवरची रक्कम त्या दिवशीचे खरे देणे ठरत नाही. गाडीच्या विक्रीचे पैसे जमा न धरता चेक भरला असेल, तर हा बचाव मांडता येतो. नोटिशीला १५ दिवसांत लेखी उत्तर मात्र गेलेच पाहिजे.

निव्वळ पैसे नाहीत म्हणून दिवाणी हुकूमनाम्यापोटी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच ‘जॉली जॉर्ज वर्गीस’ प्रकरणात ठरवले आहे. पैसे असून लपवणाऱ्याची गोष्ट वेगळी.

तक्रार कुठे करायची?

पहिली पायरी संस्थेचा तक्रार निवारण अधिकारी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तीही मोफत. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. वसुलीतील गैरवर्तन, न दिलेले उतारे, चुकीचे आकार यांसाठी हा मार्ग बरा. गाडीची किंमत काय असायला हवी होती, असा पुराव्याचा वाद तिथे सुटेलच असे नाही.

त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि २०१९ च्या कायद्यानुसार ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. करारात लवादाचे कलम असले, तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही. टेम्पो, रिक्षा किंवा ट्रक व्यवसायासाठी घेतला, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, हा आक्षेप संस्थेकडून हमखास येतो. स्वतः गाडी चालवून पोट भरणाऱ्याला, म्हणजे स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला, कायद्याने ग्राहकच मानले आहे. दहा गाड्यांच्या मालकाला हा आधार मिळणे कठीण. लवादाचा निवाडा आधीच झाला असेल, तर मात्र ग्राहक आयोगात जाऊन तो पुसता येत नाही. म्हणून तक्रार करायची तर विक्रीनंतर लगेच.

तडजोड झाली, तर रक्कम, तारीख आणि ‘यापुढे कोणतेही येणे नाही’ हे वाक्य संस्थेच्या लेटरहेडवर असल्याशिवाय पैसे भरू नयेत. व्हॉट्सॲपवरचा एजंटचा संदेश पुरेसा नाही. कमी रकमेवर तडजोड झाली, की सिबिलच्या नोंदीत खाते ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ दिसते आणि पुढचे कर्ज मिळताना ते आडवे येते. नोंदच चुकीची असेल, तर तक्रारीनंतर ३० दिवसांत ती दुरुस्त व्हायला हवी. त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

गाडी गेली, पण आरसी कोणाच्या नावावर?

हा मुद्दा जवळजवळ कोणी पाहत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ नुसार ताबा घेतलेल्या संस्थेला आरटीओकडे नमुना ३६ मध्ये अर्ज करून स्वतःच्या नावाने नवे नोंदणी प्रमाणपत्र घेता येते. त्याआधी नोंदणीकृत मालकाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. प्रत्यक्षात अनेक गाड्या लिलावातून तिसऱ्याकडे जातात आणि आरसीवर जुनेच नाव राहते. ई-चलन जुन्या मालकाच्या मोबाइलवर येत राहतात आणि कर थकतो. अपघात झाला, तर दाव्यात पहिले नाव त्याचेच. गाडी विकली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तो तिसऱ्या पक्षाच्या भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ प्रकरणात सांगितले आहे. गाडी वित्तसंस्थेच्या ताब्यात असल्यास नजरगहाणाच्या करारामुळे बचाव करता येतो, पण ताबा कोणत्या दिवशी गेला, हे कागदावर दाखवावे लागते.

म्हणून गाडी नेणाऱ्यांकडून तारीख, वेळ आणि किलोमीटरच्या नोंदीसह ताबापावती घ्यावी. ती दिली नाही, तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात आणि आरटीओत लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. ‘एम-परिवहन’ ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून नोंदणीतील बदल अधूनमधून तपासता येतो. नाव बदललेले नसेल, तर संस्थेला आणि आरटीओला स्मरणपत्र पाठवावे आणि त्याची एक प्रत थकबाकीच्या नोटिशीला दिलेल्या उत्तरासोबत जोडावी.